‘द रेव्हनंट’मधील हिंसा आणि वेदना : प्रत्ययाच्या मर्यादांचा विचार

सारांश

निर्जन प्रदेशात मृत्यूशी झुंजणाऱ्या माणसाची कथा सांगणारे चित्रपट शारीरिक हिंसा आणि वेदना यांच्या चित्रणावर उभे असतात. अलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू दिग्दर्शित ‘द रेव्हनंट’ (२०१५) हा या प्रकारातील अलीकडच्या काळातील विशेष गाजलेला चित्रपट होय. त्यातील हिंसा आणि वेदना प्रेक्षकाला कितपत खरी वाटते आणि का, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. हिंसा ही घटना आहे, तर वेदना ही अवस्था आहे. घटनेचे चित्रण करण्याची या चित्रपटाची शक्ती असामान्य आहे, परंतु अवस्थेचे चित्रण तो अर्ध्यावर सोडून देतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्यासाठी चित्रपटसमीक्षा, नाट्यशास्त्र, सौंदर्यशास्त्र आणि वेदनेचे शरीरविज्ञान यांचा आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : चित्रपट, हिंसा, वेदना, प्रत्यय, सात्त्विक भाव, दीर्घ शॉट, एकाकीपण.

१. प्रस्तावना

दुसऱ्याच्या शरीरातील वेदना आपल्याला दिसत नाही. दिसते ती जखम, ऐकू येतो तो आक्रोश. जखमेवरून वेदनेचे अनुमान करावे लागते. एलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथात वेदनेच्या या वैशिष्ट्याची सविस्तर मीमांसा केली आहे. ज्याला वेदना होते त्याच्या दृष्टीने तिच्याइतके निश्चित दुसरे काहीही नसते आणि जो ती केवळ ऐकतो त्याच्या दृष्टीने तिच्याइतके संशयास्पद काही नसते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. तीव्र वेदना भाषेला दाद देत नाही, एवढेच नव्हे तर ती भाषा मोडून टाकते, असेही त्या दाखवून देतात.

मराठी भाषेला या बाबतीत दरिद्री म्हणता येणार नाही. कळ, ठणका, चमक, शूळ, उसण, टोचणी, आग अशा कितीतरी शब्दांनी ती वेदनेचे प्रकार वेगळे करते. या शब्दांतील भेद बारकाईने पाहिला तर तो केवळ तीव्रतेचा नसून काळाचा आहे, असे लक्षात येते. कळ येते आणि जाते. चमक क्षणभर निघते. ठणका मात्र लागतो आणि रात्रभर राहतो. वेदनेचा काळाशी असलेला हा संबंध चित्रपटासारख्या कालाश्रयी कलेच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरतो. चित्रपट हा काळाला आकार देणारा कलाप्रकार आहे. त्यामुळे एखादा चित्रपट वेदना दाखवतो की नाही, हे पाहताना त्याने रक्त किती दाखवले यापेक्षा वेदनेला वेळ किती आणि कसा दिला, हे तपासणे अधिक उचित ठरते.

‘द रेव्हनंट’ची निवड याच कारणासाठी केली आहे. या चित्रपटाला ऑस्करची १२ नामांकने मिळाली. २०१६ मध्ये दिग्दर्शन, प्रमुख अभिनेता (लिओनार्दो डिकॅप्रिओ) आणि छायाचित्रण (इमॅन्युएल लुबेझ्की) या विभागांत तो विजयी ठरला. त्याच्या स्तुतीत ‘वास्तव’ आणि ‘अस्सल’ हे शब्द वारंवार आले. हे वास्तव नेमके कशाचे, हा प्रश्न मात्र त्या मानाने कमी विचारला गेला.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) चित्रपटातील हिंसाचित्रणाची प्रत्ययकारिता कोणत्या चित्रपटीय साधनांतून निर्माण होते, हे पाहणे.
२) वेदनेचे चित्रण आणि हिंसेचे चित्रण यांतील फरक स्पष्ट करणे.
३) मूळ ऐतिहासिक घटनेत चित्रपटाने केलेल्या बदलांचा वेदनेच्या अर्थावर झालेला परिणाम तपासणे.

३. मूळ घटना आणि चित्रपटाची कथा

ह्यू ग्लास हा अमेरिकेतील फर-व्यापाराच्या काळातील शिकारी. विल्यम ॲश्ली आणि अँड्र्यू हेन्री यांच्या मोहिमेत तो सामील होता. १८२३ च्या जूनमध्ये मिसुरी नदीकाठी अरिकारा लोकांनी या मोहिमेवर हल्ला केला. त्यात ग्लासही जखमी झाला. पुढे ऑगस्टमध्ये, आजच्या साउथ डकोटा राज्यातील ग्रँड नदीच्या परिसरात, एका ग्रिझली अस्वलाने त्याला अक्षरशः फाडले. तो मरणारच, असे समजून दोघांना त्याच्याजवळ ठेवून बाकीची तुकडी पुढे निघून गेली. या दोघांपैकी एक जॉन फिट्झजेराल्ड होता आणि दुसरा कोवळा जिम ब्रिजर होता, असे परंपरा मानते. दोघांनी त्याची बंदूक आणि सामान घेऊन त्याला जिवंतपणीच सोडून दिले. ग्लास सरपटत, लंगडत सुमारे २०० मैलांवरील फोर्ट कायोवा येथे पोहोचला. ही हकिकत १८२५ मध्ये ‘द पोर्ट फोलिओ’ या नियतकालिकातून प्रथम छापली गेली. स्वतः ग्लासने या प्रवासाचे निवेदन मागे ठेवले नाही, त्यामुळे तिच्यात दंतकथेचा अंश आरंभापासूनच मिसळलेला आहे.

या कथेवर १९७१ मध्ये ‘मॅन इन द विल्डरनेस’ हा चित्रपट निघाला होता. २००२ मध्ये मायकेल पंकी यांची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या काही भागावर इन्यारितूंचा चित्रपट आधारलेला आहे. चित्रपटाने मूळ घटनेत तीन मोठे बदल केले. पहिला बदल ऋतू आणि भूप्रदेश यांचा : उन्हाळ्याच्या अखेरीची गवताळ मैदाने जाऊन त्यांच्या जागी बर्फाच्छादित पर्वत आले. दुसरा बदल म्हणजे ग्लासला हॉक नावाचा पॉनी मातेपासून झालेला मुलगा दिला गेला आणि फिट्झजेराल्ड त्याच्या डोळ्यांदेखत त्या मुलाचा खून करतो असे दाखवले गेले. तिसरा बदल शेवटाचा आहे. प्रचलित हकिकतीनुसार ग्लासने तरुण ब्रिजरला क्षमा केली; फिट्झजेराल्ड सैन्यात भरती झालेला असल्यामुळे त्याला हात लावता आला नाही आणि ग्लास आपली बंदूक तेवढी परत घेऊन गेला. चित्रपटात मात्र नदीकाठी रक्तरंजित द्वंद्व घडते. हे बदल करण्याचा कलावंताचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्यामुळे वेदनेचे काय झाले, हा.

४. हिंसेचे चित्रण : अखंड काळ आणि एकच चौकट

आरंभीच्या अरिकारा हल्ल्याचे दृश्य पाहताना प्रेक्षकाला प्रथम जाणवते ती दिशाहीनता. एक विवस्त्र माणूस तळाकडे चालत येतो आणि पाठीत बाण असलेला तो कोसळतो. त्यानंतर बाण कोठून येत आहेत हे कोणालाच कळत नाही. कॅमेरा एका माणसामागे जातो, तो पडला की त्याला मारणाऱ्यामागे जातो, तोही पडला की तिसऱ्याकडे वळतो. रूढ युद्धपटात संकलनाच्या साहाय्याने प्रेक्षकाला सुरक्षित जागा मिळते. कोण कोठे आहे, याचा नकाशा त्याच्या मनात तयार होतो. येथे तो नकाशा नाकारला जातो. हिंसेचे आकस्मिकपण आणि तिच्यातील निर्विकारपणा यांचा प्रत्यय त्यातून येतो.

अस्वलाच्या हल्ल्याचे दृश्य हे या पद्धतीचे शिखर होय. सुमारे पाच मिनिटांचे हे दृश्य एकाच अखंड शॉटसारखे भासते. पिलांची माता ग्लासवर झडप घालते, त्याला रगडते, पिलांकडे परत जाते. तो बंदुकीकडे हात नेतो. ती पुन्हा येते. अखेरीस चाकूचे वार होतात आणि दोघे उतारावरून घरंगळत जातात. या दृश्याची खरी भीषणता वारांपेक्षा मधल्या विरामात आहे. अस्वल त्याच्या पाठीवर पाय ठेवून उभे राहते, हुंगते, त्याच्या उच्छ्वासाने कॅमेऱ्याची काच धुरकटते. त्या प्राण्याला ग्लासविषयी द्वेष नाही, घाईही नाही. चित्रपटातील पशू सामान्यतः खलनायकाप्रमाणे वागतात. येथील अस्वल केवळ अस्वल आहे.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां (१९१८–१९५८) यांनी मांडलेला एक सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. ज्या घटनेचे सार दोन घटक एकाच वेळी एकाच जागी असण्यात आहे, त्या घटनेच्या चित्रणात संकलन वर्ज्य मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. चॅप्लिनच्या ‘द सर्कस’ (१९२८) मध्ये चार्ली खरोखर सिंहाच्या पिंजऱ्यात आहे आणि दोघेही एकाच चौकटीत दिसतात, म्हणूनच तो प्रसंग रंगतो. माणूस आणि श्वापद वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवून ते जोडले, तर धोका ही केवळ कल्पना उरते. इन्यारितू आणि लुबेझ्की हा नियम काटेकोरपणे पाळतात. गंमत अशी की, येथे अस्वल नाही. निळ्या पोशाखातील एका स्टंट-कलाकाराने नटाबरोबर ही झटापट केली आणि अस्वल नंतर संगणकाच्या साहाय्याने रेखाटले गेले. बाझां यांना अभिप्रेत असलेला विश्वास प्रत्यक्ष सहअस्तित्वावर आधारलेला होता. येथे सहअस्तित्व खोटे आहे, पण त्याचे व्याकरण खरे आहे, आणि तेवढ्यावर प्रेक्षकाचा विश्वास बसतो. म्हणजेच हिंसेचा प्रत्यय हा वस्तूच्या खरेपणावर कमी आणि काळ न तोडण्यावर अधिक अवलंबून असतो, असा निष्कर्ष या दृश्यावरून काढता येतो.

५. हल्ल्याच्या क्षणी वेदना किती?

एवढे प्रत्ययकारी दृश्य पाहून ‘अशा वेदनेची कल्पनाही करवत नाही’ असे उद्गार प्रेक्षक काढतो. परंतु येथे हिंसा आणि वेदना यांची गल्लत होण्याचा संभव आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यावर १८४४ मध्ये आफ्रिकेतील माबोत्सा येथे सिंहाने हल्ला केला आणि त्यांच्या दंडाचे हाड चुरडले. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात ते नोंदवतात की, सिंहाने हिसडे दिले त्या वेळी त्यांना एक प्रकारची गुंगी आली. काय चालले आहे याचे पूर्ण भान होते, पण वेदना किंवा भीती जाणवत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरांनाही असेच आढळले. रणांगणावर गंभीर जखमी झालेले बरेच सैनिक तीव्र वेदनेची तक्रार करत नव्हते. आपले निरीक्षण त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या सिद्धान्तातून हे स्पष्ट झाले की, जखमेची तीव्रता आणि वेदनेची तीव्रता यांचे सरळ प्रमाण नसते. मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेच्या संदेशांना वाट मिळते किंवा अडवली जाते, आणि त्यात मेंदूकडून येणाऱ्या सूचनांचाही वाटा असतो.

याचा अर्थ ग्लासला त्या क्षणी काहीच वाटले नसेल, असा नव्हे. परंतु प्रत्यक्षात वेदनेचा खरा अंमल हल्ला संपल्यानंतर सुरू होतो : रात्री, थंडीत, जखम सुजल्यावर, हालचाल करावी लागल्यावर. लिव्हिंगस्टन यांचे हाड नीट जुळलेच नाही. १८७३ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर आफ्रिकेतून लंडनला आणलेल्या मृतदेहाची ओळख १८७४ मध्ये त्याच हाडावरून पटवली गेली. हल्ला काही क्षणांचा होता; शरीराने त्याचा हिशेब तीस वर्षे ठेवला. वेदनेचे चित्रण करू इच्छिणाऱ्या कलाकृतीची कसोटी हल्ल्याच्या दृश्यात नसून या हिशेबात आहे.

६. वेदनेचे चित्रण : जेथे ते साधले आहे

या कसोटीवर चित्रपटाचा मधला भाग प्रारंभी खरा उतरतो. ग्लासचा कंठ फाटलेला आहे. तो बोलू शकत नाही. वाहून नेणाऱ्यांना तो जड होतो. फिट्झजेराल्ड त्याला विचारतो की, मरण हवे असेल तर पापणी मिटून सांग. आणि डोळे किती वेळ उघडे ठेवता येतील, यावर एका माणसाचे जगणे टांगले जाते. मुलाचा खून होताना ग्लास ओरडू शकत नाही, हलू शकत नाही. त्याच्या घशातून निघतो तो केवळ घुसमटलेला आवाज. पुढे अर्धवट पुरलेल्या खड्ड्यातून तो बाहेर पडतो आणि मुलाच्या मृतदेहापर्यंत सरपटत जातो. नंतर पाणी पिताना ते गळ्याच्या जखमेतून बाहेर गळते. बंदुकीची दारू पेटवून तो ती जखम डागतो.

भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. इच्छेच्या बळावर सहज आणता न येणारे हे शरीरविकार होत. डिकॅप्रिओ यांच्या वाट्याला संवाद फारच थोडे आहेत. त्यामुळे त्यांचा अभिनय वाचिकाऐवजी याच भावांवर उभा राहतो. स्तंभ, स्वरभेद आणि वेपथु हे तर या भूमिकेचे तीन आधारस्तंभच म्हणता येतील. वेदना भाषा मोडते, हे स्कॅरी यांचे म्हणणे येथे शब्दशः साकार झाले आहे. जिथे आवाज नाही तिथे श्वास आहे, आणि ध्वनिपटावरील हा श्वास चित्रपटाच्या अखेरच्या काळ्या पडद्यावरही ऐकू येत राहतो.

पण या प्रसंगांची शक्ती केवळ जखमेत नाही. ॲडम स्मिथ यांनी १७५९ मधील आपल्या नीतिविषयक ग्रंथात असे मत मांडले होते की, शारीरिक वेदनेबद्दल प्रेक्षकाला फारशी सहानुभूती वाटत नाही. सोफोक्लीजच्या ‘फिलोक्टेटीस’ या नाटकात मनाला भिडतो तो नायकाचा व्रणग्रस्त पाय नव्हे, तर त्याचे एकाकीपण. लेसिंगने ‘लाओकून’ (१७६६) मध्ये या मताचा प्रतिवाद करताना सोफोक्लीजची कुशलता दाखवून दिली : त्याने शारीरिक वेदनेला भूक, निर्जनता आणि विश्वासघात यांची जोड दिली, म्हणूनच ती रंगभूमीवर असह्य न होता हृदयस्पर्शी होते.

फिलोक्टेटीस आणि ग्लास यांतील साम्य लक्षणीय आहे. फिलोक्टेटीसच्या व्रणाची दुर्गंधी आणि त्याचा आक्रोश सहन न झाल्यामुळे सहकाऱ्यांनी त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिले. ग्लासलाही सहकारी टाकून देतात. ज्या दृश्यांत जखम आणि परित्याग एकत्र येतात (पापणीचा प्रसंग, मुलाचा खून, खड्डा), तीच दृश्ये वेदनेच्या दृष्टीने सर्वांत खरी आहेत. लेसिंगचे निरीक्षण अडीचशे वर्षांनंतर, सर्वस्वी निराळ्या माध्यमातही खरे ठरते.

७. वेदनेचे चित्रण : जेथे ते निसटते

या टप्प्यानंतर मात्र चित्रपटाची पद्धत बदलते. अरिकारांपासून सुटण्यासाठी ग्लास बर्फाळ नदीत उडी घेतो, वेगवान प्रवाहातून वाहत जातो आणि अस्वलाचे ओले कातडे अंगावर घेऊन बाहेर येतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता खेचून घेते. अतिथंड पाण्यात पडलेल्या माणसाला श्वासावर ताबा मिळवण्यास सुमारे एक मिनिट लागते, सुमारे दहा मिनिटांत हातापायांची उपयुक्त हालचाल संपते आणि साधारण तासाभरात शुद्ध हरपते, असा शीतजलसंकटातील ठोकताळा सांगितला जातो. पाण्याबाहेर आल्यावरही ओल्या कपड्यांतील गारठा प्राणघातक असतो. ग्लासच्या बाबतीत या सर्वांचा परिणाम पुढील दृश्यापर्यंत टिकत नाही. मोडलेल्या घोट्याचीही हीच कथा. सामान्य अस्थिभंग जुळून येण्यास साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात. येथे सरपटणे, काठीचा आधार, चालणे आणि घोडदौड हे टप्पे एकामागून एक येऊन जातात, पण त्यांच्यामधील काळ दिसत नाही.

वैद्यकीय चुका शोधणे हा या निरीक्षणांचा हेतू नाही. वास्तवात अशक्य असलेली गोष्टही कलेत प्रत्ययकारी होऊ शकते. मुद्दा असा की, हिंसा दाखवताना ज्या चित्रपटाने काळ तोडण्यास नकार दिला, तोच चित्रपट वेदना दाखवताना काळ मुक्तपणे तोडतो. अखंड शॉटचे वैभव हल्ल्यांना मिळते. बरे होण्याच्या, कुढण्याच्या, न झोपलेल्या रात्रींच्या वाट्याला संकलनाची कात्री आणि निसर्गाची भव्य दृश्ये येतात. हिकुक हा पॉनी माणूस त्याच्यासाठी हिमवादळात फांद्यांची झोपडी उभारतो, आतील वाफेत ग्लासला स्वप्ने पडतात आणि बाहेर येतो तो जवळपास सावरलेला माणूस. एका स्वप्नदृश्यात आठवड्यांचा ठणका विरघळून जातो. मराठीतील शब्दभेद वापरून सांगायचे तर, या चित्रपटाला कळ दाखवता येते, ठणका दाखवता येत नाही.

भरताने सांगितलेल्या तेहेतीस व्यभिचारी भावांत ग्लानी आणि श्रम यांचा स्वतंत्र निर्देश आहे. ग्लानी म्हणजे शक्तिपात. आजार, उपवास आणि दीर्घ क्लेश यांतून येणारी क्षीणता. ग्लासच्या कथेचा हा खरा प्राणभूत भाव असायला हवा होता. चित्रपटात तो क्वचितच टिकतो, कारण लगेच नवे संकट येते : नदी, पाठलाग, कड्यावरून कोसळलेला घोडा, त्या घोड्याच्या पोटात काढलेली रात्र. प्रत्येक संकट पहिल्यापेक्षा मोठे असावे लागते. परिणामी प्रेक्षकाची संवेदना बोथट होते आणि वेदनेची जागा विक्रमाविषयीचे कौतुक घेते.

या कौतुकाला चित्रपटाच्या प्रसिद्धीनेही हातभार लावला. नैसर्गिक प्रकाशातील चित्रीकरण, अल्बर्टातील थंडी, बर्फ कमी पडल्यामुळे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकापर्यंत गेलेले पथक, नटाने खरोखर खाल्लेले रानरेड्याचे कच्चे यकृत या गोष्टी चित्रपटाइतक्याच गाजल्या. नटाचे कष्ट हे पात्राच्या वेदनेचे प्रमाणपत्र म्हणून पुढे केले गेले. वस्तुतः या दोन भिन्न गोष्टी आहेत. नट खरोखर गारठला, एवढ्याने पात्राचा गारठा प्रेक्षकापर्यंत पोहोचतो असे नाही. तसे असते तर अभिनय या कलेची गरजच उरली नसती.

८. तुलना : ‘१२७ अवर्स’ आणि ‘सोसायटी ऑफ द स्नो’

चित्रपटाला दीर्घ वेदना दाखवणे मुळातच अशक्य आहे, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. १५६ मिनिटांत आठवडे कसे मावणार? डॅनी बॉयल यांचा ‘१२७ अवर्स’ (२०१०) हे या आक्षेपाचे एक उत्तर आहे. २००३ च्या एप्रिलमध्ये युटा राज्यातील एका अरुंद घळीत ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात शिळेखाली अडकला आणि पाच दिवसांहून अधिक काळाने स्वतःचा हात कापून तो सुटला. हा चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे आणि त्याचे संकलन अतिशय वेगवान आहे. तरीही त्यात काळ साचत जातो. पाणी मोजून पिणे, रोज थोडा वेळच येणारे ऊन, पुन्हा पुन्हा तोच निष्फळ प्रयत्न यांच्या आवर्तनातून दिवस जाणवतात. हात कापण्याच्या प्रसंगी मज्जातंतूला स्पर्श होताच ध्वनिपटावर एक कर्कश, विद्युत् झणत्काराप्रमाणे भासणारा आवाज येतो. वेदना दाखवता येत नाही, म्हणून ती ऐकवली जाते. आणि तो आवाज वास्तवातला नसूनही प्रेक्षकाचे अंग आक्रसते.

जे. ए. बायोना यांचा ‘सोसायटी ऑफ द स्नो’ (२०२३) वेगळ्या मार्गाने जातो. १९७२ मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या विमानातील ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनंतर जिवंत परतले. तेथे मृत्यू होताच पडद्यावर त्या व्यक्तीचे नाव आणि वय येते. वेदना एका नायकाची मालमत्ता राहत नाही. ती मोजली जाते आणि वाटून घेतली जाते. या दोन्ही चित्रपटांवरून असे दिसते की, प्रश्न लांबीचा नसून आवर्तनाचा आणि साक्षीचा आहे.

९. साक्षीदार आणि सूड

सोफोक्लीजच्या नाटकात फिलोक्टेटीसला रंगभूमीवरच कळ येते, तो किंचाळतो, थकून झोपतो; आणि हे पाहणारा तरुण निओप्टोलेमस, जो त्याला फसवण्यासाठी आलेला असतो, अखेरीस फसवणूक सोडून देतो. दुसऱ्याची वेदना पाहिल्याने माणूस बदलू शकतो, हे त्या नाटकाचे मर्म आहे. ‘द रेव्हनंट’मध्ये हे स्थान ब्रिजरचे होते. तो ग्लासजवळ आपली पाण्याची बाटली ठेवून जातो, त्याला लाज वाटते. परंतु पुढे कथा त्याला बाजूला सारते. मूळ हकिकतीतील क्षमेचा प्रसंग, म्हणजे ज्याने टाकून दिले त्याच्यासमोर जखमी माणसाने येऊन उभे राहणे, हा नाट्यदृष्ट्या सर्वांत समृद्ध क्षण चित्रपटाने जवळजवळ गमावला आणि त्याजागी खून झालेल्या मुलाचा सूड आणला. सूड हे वेदनेला दिलेले सोपे प्रयोजन आहे. प्रत्यक्ष वेदना निष्प्रयोजन असते. तिची हीच बाब सर्वांत असह्य असते. अखेरच्या क्षणी ग्लास सूड ईश्वराच्या हाती सोपवतो खरा, पण तोवर द्वंद्वयुद्ध पुरेपूर दाखवून झालेले असते आणि प्रवाहात ढकललेल्या फिट्झजेराल्डला समोरच्या काठावरचे अरिकारा संपवतात.

वेदनेच्या वाटपाचाही येथे विचार करावा लागतो. अरिकारा नायक आपल्या पळवून नेलेल्या मुलीचा, पोवाकाचा, शोध घेत आहे. हिकुकला फ्रेंच शिकारी फासावर लटकवतात. ग्लासची पत्नी सैनिकांच्या हल्ल्यात मारली गेलेली आहे. चित्रपट या सर्वांकडे सहानुभूतीने पाहतो आणि मूळ रहिवाशांच्या भाषांना जागा देतो, ही जमेची बाजू होय. तथापि त्यांच्या वाट्याला हिंसा येते, वेदना येत नाही. पोवाकावरील बलात्काराचे दृश्य ग्लासच्या पराक्रमाचे निमित्त होते. हिकुकचे प्रेत क्षणभर दिसते. ज्याच्या श्वासाने कॅमेऱ्याची काच धुरकटू शकते, त्यालाच वेदनेचा अधिकार मिळतो. १८२३ मध्येच अमेरिकी सैन्याने अरिकारांच्या वसाहतींवर चाल केली होती, हा संदर्भ ध्यानात घेता ही असमानता केवळ कलात्मक राहत नाही.

नाट्यशास्त्राने युद्ध, मरण, नगराचा वेढा यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता सूचित कराव्यात, असे म्हटले आहे. आजच्या चित्रपटाला हा निर्बंध लागू करणे अप्रस्तुत ठरेल. परंतु त्यामागील जाण विचारात घेण्यासारखी आहे : घटना डोळ्यांसमोर आली की तीच सर्व लक्ष वेधून घेते आणि तिच्या परिणामांसाठी, म्हणजेच रसनिष्पत्तीसाठी, अवकाश उरत नाही. ‘द रेव्हनंट’मध्ये भयानक आणि बीभत्स हे रस समर्थपणे प्रकटतात, करुणाला मात्र वारंवार माघार घ्यावी लागते.

१०. निष्कर्ष

१) ‘द रेव्हनंट’मधील हिंसेचे चित्रण अत्यंत प्रत्ययकारी आहे. त्याचे श्रेय रक्तपाताच्या तपशिलांपेक्षा अखंड काळ, एकच चौकट आणि हिंसा करणाऱ्याचा निर्विकारपणा यांना जाते.

२) वेदनेचे चित्रण अंशतःच यशस्वी आहे. जेथे जखमेला मूकपणा, परित्याग आणि असहायता यांची जोड मिळते तेथे ते खरे वाटते. जेथे वेदना केवळ सहनशक्तीच्या विक्रमाची पायरी बनते तेथे ते पोकळ होते.

३) हिंसा घटनेच्या काळात घडते, वेदना परिणामांच्या काळात राहते. पहिल्या काळाला अखंडता आणि दुसऱ्याला कात्री, ही चित्रपटाची रचनाच त्याच्या प्रत्ययाची मर्यादा ठरवते.

४) पुत्रवधाची आणि सूडाची भर घातल्याने वेदनेला प्रयोजन मिळाले, पण तिचे सत्य उणावले. मूळ हकिकतीतील क्षमा आणि रिक्तहस्त परतणे यांत वेदनेचा अधिक प्रगल्भ अर्थ सामावलेला होता.

जखम खरी वाटली म्हणजे वेदना कळली, अशी समजूत दृश्यमाध्यमांच्या आजच्या प्रभावकाळात सहज रुजू शकते. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची सवय ज्या माध्यमातून लागते, त्या माध्यमाने या दोहोंतील अंतर पुसून टाकले तर प्रेक्षक जखमांचा चोखंदळ पारखी होईल, पण शेजारच्या खाटेवर रात्रभर ठणका सोसणारा माणूस त्याला दिसणार नाही. ‘द रेव्हनंट’ ही मोठ्या ताकदीची कलाकृती आहे, आणि म्हणूनच तिने सोडून दिलेल्या रात्रींचा हिशेब समीक्षेने मांडणे आवश्यक ठरते.